मागच्या भिंतीची थप्पी

३ ऑक्टोबर, मंगळवार

आणि हट्टी म्हणे मी. मी!

घरामागच्या छपराखाली, भिंतीला लागून छातीइतकी उंच थप्पी उभी आहे. लाकूड मी फोडलं, मी रचलं. दीड वर्ष झालं त्याला, आतापर्यंत खडखडीत वाळलं असेल. पण त्यातला एक ढलपा चुलीत जायचा नाही — बाबांचा हुकूम. स्वतः दुखरा गुडघा ओढत दर आठवड्याला ओली फाटी आणणार. घरामागे कोरडी जागा तेवढी एकच, ती थप्पीने अडलेली. म्हणून ही फाटी अंगणात दवात भिजत पडणार. आणि आई फुंकणी घेऊन तिच्यापुढे बसणार. सगळा धूर तिच्या छातीत.

आज धाकट्या बहिणीचा फोन आला होता. तिच्या बोलण्यामागे आईचा खोकला चालू होता. एकदा लागला की सुटत नाही. तो थांबल्यावर धाकटी म्हणाली, "आणि थंडी सुरू व्हायची आहे अजून."

म्हटलं, अगं मग ती थप्पी वापरा ना. म्हणाली, "बाबांना सांग." बाबांना काय सांगू? फोन वाजला की त्यांना बाहेरचं काहीतरी काम आठवतं.

इकडे कामाला निघायच्या आदल्या दिवशीचं भांडण अजून चालूच आहे, फक्त एका बाजूने. आठ दिवस राबून मी थप्पी लावली. भिंतीला घट्ट, ढलप्याला ढलपा भिडवून, बोट घालायला जागा नाही. वरून निळं प्लास्टिक, पार जमिनीपर्यंत, कडेने दगड. मी नसलो तरी आईला दोन वर्षं जळणाची ददात नको, एवढाच विचार. बाबा आले. प्लास्टिक उचलून आत हात फिरवला. म्हणाले, "गुदमरवलंस रे लाकूड." बस्स. एक कौतुकाचा शब्द नाही. मीही तापलो. म्हटलं, तुम्हाला जन्मात जमलं नाही ते मी करून दाखवलं, म्हणून पोटात दुखतंय तुमच्या. आई मधे पडली. सकाळी मी निघालो तेव्हा बाबा घरात नव्हते.

तेव्हापासून ही जिद्द. पोराचं लाकूड जाळायचं नाही म्हणजे नाही. बायको खोकून मेली तरी चालेल.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. इथे कोण वाचतंय.

५ ऑक्टोबर, गुरुवार

वखारीच्या मालकिणीने मला करवतीवरून उठवलं. म्हणाली, "वर्षभर नुसता भुसा खाल्लास, आता जरा लाकूड हाताळायला शीक." आजपासून ओंडक्याच्या हाताखाली. वखारीत थप्प्या लावायच्या, घरोघर लाकूड पोचवायचं आणि तिथेही रचून द्यायचं.

ओंडका म्हणजे माणूस. साठीचा, बुटका, रुंद, आणि तोंडातून शब्द काढायचा तर पाचर ठोकावी लागते. सगळे तोंडावर ओंडकाच म्हणतात. मी काका म्हटलं, तर त्याने वळून मागे बघितलं — दुसरं कोणी आलंय की काय.

८ ऑक्टोबर, रविवार

वखार बंद. माझी खोली हत्यारांच्या खोलीवर आहे. खाली कुऱ्हाडी, वर मी. आज दिवसभरात तोंडातून तीन शब्द गेले, तेही दुकानात. "साबण." आणि "हा नको."

ही वही वखारीचीच. पुढे गिऱ्हाइकांचे पत्ते, मागची पानं कोरी होती. मालकीण म्हणाली, घेऊन जा, नाहीतरी चुलीतच जाणार होती. शाळा चौथीत सोडली, पण लिहायला येतं. समोर भांडायला माणूस नसला की येतंच.

या तीन दिवसांत अकरा घरी लाकूड टाकलं. मी आता लोकांची घरं मागून ओळखतो. पुढचा दरवाजा कुठल्या रंगाचा, माहीत नाही. मागची पायरी कुठली डुगडुगते, ते माहीत. आतून कोणीतरी ओरडतं, "लाकूडवाला आलाय!" मग शेगडीपर्यंत जायचं, दोन दिवसांपुरतं टोपलीत रचायचं, निघायचं. काल एका घरी सगळे जेवायला बसले होते. बोलत होते, हसत होते. मी ओझं घेऊन मधून गेलो तेव्हा पाय आखडून घेतले, बोलणं थांबवलं नाही. मी बाहेर पडेपर्यंत गोष्ट अर्धीच ऐकू आली. कोणाची तरी म्हैस पळाली होती. मिळाली की नाही कोण जाणे.

गेल्या रविवारी घरी आठ हजार पाठवले. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाठवतोच. एकदाही चुकलं नाही. बाबांनी ते घेऊ नयेत ना मग! पैसे चालतात, लाकूड चालत नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

काका आज बोलला. म्हणजे जवळजवळ भाषणच.

दोन ढलपे घेतले, एकमेकांवर आपटले. ठण्ण वाजलं. "ऐकलंस?" दुसरे दोन घेतले. धप्. "हे ओलं. असं विकलं तर लोक वाटेत गाठतात."

मग कापलेलं तोंड दाखवलं. वाळलेल्याला मधून चिरा पडतात, उन्हात भेगाळलेल्या टाचेसारख्या. साल अंगठ्याने सुटते. हातात घेतलं तर वाटतं, एवढं मोठं आणि एवढं हलकं?

मग थप्पी. आधी खाली दोन आडवे वासे, विटांवर. जमिनीला लाकूड लागलंच नाही पाहिजे. भिंतीपासून वीतभर लांब. दोन्ही टोकांना चौकडीसारखं आडवं-उभं रचायचं, म्हणजे मधलं घसरत नाही. छातीच्या वर जायचं नाही. सगळ्यात वरची ओळ सालीची बाजू वर करून, पाणी निथळून जातं. झाकायचं फक्त डोकं. बाजू उघड्या.

मी म्हटलं, "काका, आणि पाऊस?"

"पाऊस कुठून पडतो?"

"वरून."

"मग वरून झाक. बाजूने वारा येतो, त्याला कशाला अडवतोस? लाकूड म्हणजे धुतलेला कपडा. वाळत घालायचा असतो, ट्रंकेत नाही ठेवायचा."

शेवटी खिशातून खडू काढून ढलप्याच्या तोंडावर महिना लिहिला. जुनं आधी निघालं पाहिजे. नवीन पुढे आणि जुनं मागे अडकलं, तर मागचं म्हातारं होऊन मरतं, म्हणाला. मग दिवसभर गप्प. त्याचा कोटा संपला.

वखारीत एवढं लाकूड, झाकायला प्लास्टिक कुठून पुरणार, म्हणून उघडं ठेवतात असं मला आजवर वाटायचं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

इथली हवा वेगळी. आमच्याकडे तसं नसतं. तिथे नीट झाकलेलंच बरं.

१५ ऑक्टोबर, रविवार

आजही तीन शब्द. "साबण" नव्हता, पण दुकानदाराने "थंडी वाढली" म्हटलं. मी म्हटलं, "हो. वाढणार आणखी." दुसरं गिऱ्हाईक आलं.

धाकटीला फोन लावला, उचलला नाही. शिवणाच्या कामावर असेल. रविवारी?

१७ ऑक्टोबर, मंगळवार

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

नदीपलीकडे एक मास्तरीणबाई राहतात, निवृत्त, एकट्या. काठी घेऊन चालतात, पण आवाज अजून वर्गातला. नवीन लाकूड टाकायच्या आधी जुनं काढून जागा करा म्हणाल्या. मागे गेलो. बघतो तर भिंतीला घट्ट लागून थप्पी. काळं प्लास्टिक, जमिनीपर्यंत, कडेने दगड. रंग सोडला तर माझीच.

मी म्हटलं, "बाई, छान रचलीय. कोणी रचली?"

"मीच, भाच्याला हाताशी घेऊन. सुरेख दिसत होती की नाही?"

प्लास्टिक ओढलं. आतून असा वास आला की मी दोन पावलं मागे. प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. पुढची ओळ पांढऱ्या बुरशीने माखलेली. त्याच्या मागची काळी. तळाचा ढलपा उचलायला गेलो तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला. मागे वाळवी. भिंतीचा गिलावा लाकडाबरोबर सुटून पडला.

काकाने एक तुकडा बोटांनी चुरडला. "पावसाने नाही कुजलं हे. लाकडाच्या स्वतःच्याच ओलीने. ती बाहेर जायला वाट ठेवली नव्हती."

माझ्या तोंडून निघून गेलं, "गुदमरलं."

काकाने मान वर केली. "बरोबर. हाच शब्द. कोणी शिकवला?"

फावडं घेतलं आणि उकरत राहिलो. दुपारपर्यंत ती घाण काढली. मास्तरीणबाई पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अरे, लाकूड माझं कुजलंय. तू का असं तोंड केलंयस?" चहा दिला. इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी बस म्हणालं, आणि मला बसवेना.

दीड वर्ष फोनवर बोंबलतोय, थप्पी वापरा, थप्पी वापरा. आणि आईची कोरडी जागा कोणी अडवून ठेवलीय? मीच. बाबांनी नाही. मी.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आज काही नाही. हात ठणकतोय.

२२ ऑक्टोबर, रविवार

धाकटीला पकडली. म्हटलं, एक काम कर, बाबा बाहेर गेले की ती थप्पी काढून टाक. जळणाची आशा सोड, आधी जागा मोकळी होऊ दे. मग नवीन फाटी वीत-दीड वीत तुकडे करून, जाड असतील ती मधून फोडून, खाली दोन वासे घालून, भिंतीपासून लांब —

ती म्हणाली, "थांब थांब. तू आता फोनवरून लाकडं रचणार?"

म्हटलं, लिहून घे.

"लिहून घेते, साहेब. पण थप्पीला हात लावला तर बाबा मला घराबाहेर काढतील."

माझं पित्त खवळलं. म्हटलं, एवढा कसला राग माझ्यावर? लाकडावर काढायचा?

धाकटी म्हणाली, "राग? अरे, पावसाच्या आधी तुझं प्लास्टिक फाटलं होतं. बाबांनी नवीन आणलं. इथे निळं मिळेना म्हणून पार पलीकडच्या बाजारात गेले, त्या गुडघ्याने. दगडही तसेच लावले, तू लावले होतेस तसे. मागे एक कोपरा कलला, तर वासा टेकवून ठेवलाय. मला वाटलं, तुला आईने सांगितलं असेल."

"कशासाठी पण?"

"मला काय माहीत. मी विचारलं एकदा. म्हणाले, पोराची आहे."

मग ती म्हणाली, कामाला उशीर होतोय, आणि फोन ठेवला.

ज्या माणसाला पहिल्या दिवशी एक हात फिरवून कळलं की हे गुदमरणार, तोच ते दीड वर्ष झाकत बसलाय. मी ठेवलं होतं तसंच. आणि स्वतः ओली फाटी वाहतोय.

आज खोलीत खूप फिरलो. खोली सहा पावलांची.

२३ ऑक्टोबर, सोमवार

काकाला विचारलं, तसली थप्पी वाचते का. म्हटलं, ओळखीच्या एकाच्या घरी आहे.

"ओळखीचा किती लांब असतो?"

"दोन दिवसांचा रस्ता."

काकाने ढलपा रचला, दुसरा घेतला. म्हणाला, "भिंतीकडचं, तळाचं गेलं. मधलं काही निघेल. ते सुटं करून, चौकडी रचून वाऱ्यावर टाकलं तर या थंडीच्या शेवटाला जळेल. पण एकेक हाताने काढावं लागतं. घाई करणाऱ्याचं काम नाही." मग माझ्याकडे न बघता, "ज्याने रचलं त्याला घाई होती."

बरोबर. मला इथे यायची घाई होती.

२५ ऑक्टोबर, बुधवार

डोक्यात एक आलंय. मी छपराचे पत्रे पाठवतो. बाबा दुसरं छप्पर उभं करू देत अंगणात, त्याखाली नवीन लाकूड रचू देत. जुनी थप्पी राहू दे तिथेच. कोणालाच काही बोलायला नको.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

काकाला सांगितलं. म्हणाला, "पत्रे जातील. पण थप्पी कोण काढणार?" आणि पुढे गेला. त्याला कोण विचारत होतं!

विचारलं मीच होतं.

२९ ऑक्टोबर, रविवार

फोन केला. धाकटीने उचलला. म्हटलं, बाबांना दे. ती म्हणाली, "बाहेर —" मग थांबली. मग आवाज आला, "हं."

दीड वर्षाने. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. तेच म्हणाले, "काय म्हणतंय तिकडचं लाकूड?"

"बरं आहे."

"कडक का?"

"कडक. पाचर लागते."

"गाठी?"

"गाठी खूप. गाठीच्या बाजूने मारायचं, गाठीवर नाही."

"हं. शिकलास."

पलीकडे फुंकणीचा आवाज येत होता. आई चुलीपाशी असणार. मग खोकला. मी एका दमात बोलून टाकलं, "बाबा, ती थप्पी आतून कुजली असणार. तुम्ही म्हणाला होतात तेव्हाच. माझंच चुकलं. काढून टाका ती."

मला वाटलं, फोन ठेवून बाहेर गेले.

"पुढची रांग बरी आहे," बाबा म्हणाले. "मी बघतो मधूनमधून."

मी नुसतं "हं" म्हटलं. सतरा तारखेला माझ्या हातांनी पाहिलंय मी. पुढची रांगसुद्धा बरी नसते. बाबांनाही माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, एवढंच.

ठेवताना म्हणाले, "पाचर उडते कधीकधी. डोळा सांभाळ."

१ नोव्हेंबर, बुधवार

मालकिणीकडे गेलो. म्हटलं, दहा दिवस पाहिजेत. जायला दोन, यायला दोन, मधे सहा.

ती चष्म्यावरून बघत राहिली. "पहिली थंडी पडली, अख्ख्या गावाला आजच लाकूड पाहिजे, आणि तुला घर आठवलं? कोणी आजारी आहे?"

काय सांगू? म्हटलं, "लाकूड रचायचं आहे."

"लाकूड! अरे, वखारीत आहे तेवढं पुरत नाही का तुला?" हसली. मग हसणं संपलं. "दहा दिवस म्हणजे दुसरा माणूस घ्यावा लागेल मला. आलास तेव्हा जागा असली तर असली. आणि गेल्या महिन्यातल्या पगारातून दहा दिवस आत्ताच कापणार. जाणारा परत येतोच असं नाही."

विचार कर, म्हणाली. शनिवारपर्यंत सांग.

ही जागा गेली तर कुठे जाऊ? दीड वर्षात एवढंच जमलंय मला — एक खोली, एक काम आणि एक काका जो बोलत नाही. घरी पैसे थांबले तर आईचं औषधही थांबतं. सगळं उभं-आडवं रचून बघितलं. कुठूनही रचलं तरी घसरतंच.

४ नोव्हेंबर, शनिवार

नदीपलीकडे मास्तरीणबाईंकडे दुसरी खेप. मी लावलेली थप्पी अठरा दिवसांतच रंग बदलायला लागलीय. बाईंनी काठीने एका ढलप्याला टकटक केलं, कान दिला. "वाजायला लागलं बरं का." मग म्हणाल्या, "आज तरी बसशील?" बसलो. अर्धा तास. म्हशीची गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती.

परत आलो आणि मालकिणीला सांगितलं. तिने कापायचं ते कापलं.

काका दाराशी उभा होता. खिशातून खडू काढला, मोडला, अर्धा मला दिला. म्हणाला, "महिना लिहायला विसरू नकोस."

५ नोव्हेंबर, रविवार

तिकीट काढलं. परवाची गाडी.

धाकटीला एवढंच म्हटलं, दोन वासे आणि आठ विटा बघून ठेव. ती म्हणाली, "कशाला?" मग तिला कळलं. तिच्या मागून बाबांचा आवाज आला, "विटा आहेत म्हणावं."

पहिला रविवार आहे. घरी कळवलं, आईचं औषध तेवढं आणा. मालकिणीने कापलं ते आणि तिकीट जाऊन उरले ते सगळे पाठवतोय — चारशे साठ.